चेपणी

साखळीच्या दवाखान्यात घशातून नळी घातली
आणि पडद्यावर माझं पोट दिसलं,
गुलाबी, ओलं, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं तुळतुळीत.
व्रण नाही. सूज नाही.
डॉक्टर कुंकळ्येकर, माझ्या थोरलीच्या वयाची पोर,
म्हणाली, "गावसबाब, सगळं छान आहे."
मला राग आला.
छान असलेल्या पोटात रोज पहाटे चारला
ओलं फडकं कोण पिळतं मग?

वर विचारते, "झोप लागते?"
अगे बाय, मी पोट घेऊन आलोय, उशी नव्हे.
"घरात कुणाशी बोलता?"
मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

तिनं कागदावर एक डोकं काढलं, एक पोट,
मधे विहिरीच्या दोरासारखी रेघ.
म्हणाली, या दोरावरून निरोप जातात,
वरून खाली कमी, खालून वर जास्त.
पोटात कोट्यवधी बारके जीव राहतात,
तुम्ही घाबरलात की त्यांची वस्ती हलते,
वस्ती हलली की तुम्ही घाबरता.
"आधी कोण?" मी विचारलं.
ती हसली. "ते आम्हालाही नीट ठाऊक नाही."
तेवढं एक मला पटलं.

बसमध्ये आईचं बोलणं आठवत राहिलं.
अमक्याच्या पोटात माया आहे.
तमक्याचं पोट दुखतं दुसऱ्याचं बरं बघून.
पोटात ठेव, ओठावर आणू नको.
तिनं ना नळी बघितली होती, ना पडदा.
आणि मी तिचा शहाणा मुलगा,
चवथ झाली त्या सोमवारपासून
एक गोष्ट पोटात ठेवून आहे.

खाण बंद, तरी मी सकाळी सातला निघतो.
सुलक्षाला सांगितलंय, वेळग्याच्या गॅरेजवर लागलो.
वेळग्याला गॅरेज आहे. मी तिथे नाही.
मी असतो माळावर, माझ्याच ट्रकात,
जिथं चाळीस ट्रक लाल धूळ पांघरून उभे आहेत
आणि माझ्या बॉनेटमधून घाणेरी फुललीय.
स्टेअरिंग धरतो. गिअर टाकतो. काढतो.
पगार म्हणून तिच्या हातावर ठेवतो
ते पोस्टातली ठेव मोडून आणलेले.
एक वाजता डबा उघडतो,
उकड्या तांदळाचा भात, हुमण,
आणि पहिला घास घशातच वळतो.
मग सगळं कप्तानला. कप्तान म्हणजे कुत्रा.
तो गुटगुटीत झालाय. मी अकरा किलो उतरलो.

त्या रात्री सुलक्षानं पेज वाढली.
बरणीतून चेपणीचा आंबा काढला,
चैत्रापासून मिठाच्या पाण्यात, दगडाखाली बसलेला.
सुरकुतला होता, कुजला नव्हता.
इतके महिने दबून राहायचं आणि कुजायचं नाही,
ही विद्या मला कुठून येणार.
मी म्हटलं, "मी गॅरेजवर जात नाही."
मग ट्रक सांगितला, ठेव सांगितली, कप्तान सांगितला.
ती बराच वेळ पेजेतलं एक शीत
बोटानं ताटाच्या कडेला नेत राहिली.
मग म्हणाली, "कुत्रा आंबा खातो?"
"बाठा चाटतो," मी म्हटलं.
ती हसली नाही. मी दुसऱ्यांदा पेज घेतली.

शुक्रवारी परत दुखलं.
डॉक्टर म्हणालीच होती, एका दिवसात नाही जायचं.
चारला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा.
सुलक्षा पाटावर बसलेली,
दोन्ही हात स्वतःच्या पोटावर.
"कधीपासून?"
"चवथीपासून," ती म्हणाली.

दोर मग माझ्याच पोटात संपत नव्हता.
मी गॅस पेटवला, तांदूळ धुतले.
जन्मात पहिल्यांदा पेज ठेवली,
पाणी किती, मीठ कधी,
तिला विचारत विचारत.